चाक बदलायला बॅटरीवरची इम्पॅक्ट गन घेताय?

स्टेपनी बदलायला बसलेला माणूस अडतो तो बहुधा पहिल्याच नटवर. टायरवाल्याने हवेच्या गनने नट करकचून आवळलेले असतात, त्यावर मुंबईचा एक पावसाळा गेलेला असतो आणि हातात असतो गाडीसोबत आलेला वीतभर पाना. मग पाय देऊन, उड्या मारून एकतर नट सुटतो किंवा त्याचे कोपरे गोल होतात. बॅटरीवरचा इम्पॅक्ट रेंच, म्हणजे बाजारातल्या भाषेत ‘इम्पॅक्ट गन’, हेच काम दोन-तीन सेकंदांत करतो. बाजारात ही गन चार-पाच हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत मिळते आणि सगळ्या खोक्यांवरचे आकडे सारखेच दणदणीत असतात, म्हणून नवखा माणूस गोंधळतो.

एक गोष्ट आधीच पक्की करा. ही गन नट सोडवायला घ्यायची आहे. आवळायचं शेवटचं काम टॉर्क रेंचने (ठरवलेला टॉर्क, म्हणजे पीळ, आला की क्लिक करणारा पाना), हाताने. हे ठरलं की किती ताकदीची गन हवी आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, ते आपोआप कळत जातं.

१. गन बघण्याआधी आपला नट बघा

गाडीची पुस्तिका उघडा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: नटाचं माप, आवळायचा टॉर्क, आणि नट आहे की बोल्ट.

मारुती आणि होंडाच्या बहुतेक गाड्यांना १९ मिमीची गोटी (नटावर बसणारा सॉकेट) लागते, ह्युंदाई आणि टोयोटाला बहुधा २१ मिमीची. फोक्सवॅगन आणि स्कोडाला १७ मिमीचे बोल्ट असतात, नट नसतात. म्हणजे चाक अडकवायला स्टड (हबमधून, म्हणजे चाक बसतं त्या भागातून, बाहेर आलेले आट्यांचे दांडे) नाहीत; चाक हातात धरून भोकं जुळवावी लागतात. नंतर बाहेरून अलॉय बसवले असतील तर कंपनीचं माप विसरा. काही अलॉयसोबत वेगळेच नट येतात. गाडीतल्या पान्यावर माप कोरलेलं असतं. नसेल तर व्हर्नियरने नटाच्या दोन समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर मोजा.

आता खाली बसून चाकाकडे नीट बघा. चारपैकी एक नट वेगळ्या नक्षीचा दिसतोय का? तो लॉक नट, त्याची चावी कुठे ठेवली आहे ते आजच शोधा. नटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतील तर त्या काढायचा छोटा चिमटा किंवा हूक टूलकिटमध्ये असतो. चकचकीत पत्र्याचं आवरण असलेले नट असतील तर सावध राहा. आत पाणी शिरून ते फुगतात आणि १९ ची गोटी त्यांच्यावर बसतच नाही.

आणि हो, स्टेपनी आहे ना? २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम सैल केल्यापासून काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर किटच येतं. अशा गाडीत रस्त्यावरच्या पंक्चरसाठी गनचा काही उपयोग नाही. घरी टायर रोटेशन किंवा ब्रेकचं काम करत असाल तरच घ्या.

२. ताकद किती हवी

छोट्या-मध्यम गाड्यांच्या नटांचा टॉर्क साधारण ८५ ते १२५ न्यूटन मीटर (पुढे एनएम) असतो. होंडा सिटी १०८, टोयोटाच्या बऱ्याच गाड्या १०३, फोक्सवॅगन पोलो १२०. आपला आकडा मात्र आपल्याच पुस्तिकेतून घ्यायचा.

१०० एनएम म्हणजे किती? फूटभर पान्याच्या टोकाला ३३-३४ किलोचं वजन लटकवल्यावर पडेल एवढा पीळ. यावरून घरबसल्या अंदाज काढता येतो. तुमचं वजन ७० किलो असेल आणि फूटभर पान्याच्या टोकावर पूर्ण भार दिल्याशिवाय नट हलत नसेल, तर तो नट २०० एनएमच्या आसपास अडकलेला आहे. म्हणजे पुस्तिकेतल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट. टायरच्या दुकानातून आलेल्या गाडीत हे अगदी नेहमीचं आहे. गंज चढला की भरच पडते; वरळी, वर्सोवा, कुलाबा अशा समुद्राच्या जवळ उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत आणखी.

त्यामुळे हिशोब असा:

- नट नेहमी टॉर्क रेंचने, नेमक्या आकड्यावर आवळलेले: २०० एनएमची छोटी गनसुद्धा चालते. मकिताची डीटीडब्ल्यू १९० ही १९० एनएमची आहे, वजनाला हलकी.
- हॅचबॅक, सेडान, टायरवाल्याच्या हातून गेलेली: २५० ते ३५० एनएम.
- एसयूव्ही, जुनी गाडी, गंजलेले स्टड: ३५० ते ४०० एनएम. बॉशची जीडीएस १८व्ही-४०० ही ४०० एनएमची, मकिताची डीटीडब्ल्यू ३०० ही ३३० ची.

७००-१००० एनएमच्या गनच्या वाटेला जाऊ नका. ती ट्रकच्या कामाची. अडीच-तीन किलोचं धूड एका हाताने चाकाच्या कमानीखाली धरायचं, आणि बोट जरा जास्त वेळ दाबलं गेलं की १२ मिमीचा स्टड तुटून हातात. नवा स्टड बसवायचा तर चाक, ब्रेक, कधी हबसुद्धा उतरवावा लागतो.

३. खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

टॉर्कचे आकडे दोन असतात. एक आवळण्याचा, दुसरा सोडवण्याचा, आणि दुसरा नेहमी मोठा. वर सांगितलेल्या डीटीडब्ल्यू ३०० चा आवळण्याचा आकडा ३३० आणि सोडवण्याचा ५८० आहे. एक कंपनी छोटा आकडा छापते, दुसरी मोठा. तुलना करायची तर आवळण्याचीच आवळण्याशी करा. वर दिलेला हिशोबही आवळण्याच्या आकड्यांचाच आहे.

एकक बघा. फूट-पाउंडमध्ये दिलं असेल तर १.३६ ने गुणा, किलोग्रॅम-मीटरमध्ये (केजीएफ-एम) असेल तर ९.८ ने. हा आकडा भरलेल्या बॅटरीवर, गोटी थेट गनला लावून, काही सेकंद ठोकून मिळवलेला असतो. मध्ये लांब एक्स्टेन्शन किंवा अडॅप्टर घातला की त्यातला मोठा वाटा वाटेतच मरतो.

आता व्होल्ट. १८, २० मॅक्स आणि २१ हे तिन्ही एकच. आत पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्जला प्रत्येकी ४.२ म्हणजे २१ व्होल्ट, चालताना सरासरी ३.६ म्हणजे १८. त्यात कुणी कुणाला फसवत नाही, फक्त मोजण्याची वेळ वेगळी. खरी गंमत आहे ती ४८, ८८, १२८ अशा आकड्यांपुढे ‘व्हीएफ’ लिहिलेल्या स्वस्त गनची. ते ‘व्हीएफ’ कुठलंही एकक नाही. बॅटरी बहुतेक वेळा तीच पाच सेलवाली असते. दुकानात मल्टिमीटर असेल तर बॅटरीच्या टोकांना लावून बघा. नसेल तर बॅटरी हातात घ्या. एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास असतो. दहा सेलची खरी ४ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठ्याचं माप; १ एएच म्हणजे १००० एमएएच) बॅटरी डबीसकट सहाशे ग्रॅमच्या पुढे भरते. ‘१५००० एमएएच’ छापलेली बॅटरी साडेतीनशे ग्रॅम भरली, तर आत पाचच सेल आहेत आणि पंधरा हजारांचा आकडा फक्त स्टिकरचा आहे.

४. कुठल्या प्रकारची

अर्धा इंची चौकोनी ड्राइव्ह (गोटी बसवायचा पुढचा दांडा) हवा. चाकाच्या गोट्या आणि टॉर्क रेंच सगळं त्याच मापात मिळतं.

इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणजे इम्पॅक्ट रेंच नव्हे. ड्रायव्हरला पुढे षटकोनी भोक असतं, ते स्क्रूसाठी. अडॅप्टर लावून गोटी बसवता येते, पण चाकाच्या नटवर तो पाव इंची अडॅप्टर मानेतून तुटतो. हॅमर ड्रिल तर अजिबातच नाही. त्याचे ठोके सरळ पुढे, भिंतीत जातात. नटाला हवेत ते फिरकीचे ठोके.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या गन दिसायला सोयीच्या वाटतात. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा, म्हणजे फार तर १८० वॉट. एवढ्यात ती गन आधी वजन गरगरा फिरवते, मग एक टोला देते, पुन्हा फिरवते. घट्ट नटवर मिनिटभर खडखडाट होतो, मग फ्यूज जातो. पैसे वाचवायचेच असतील तर त्यापेक्षा दीड-दोन फुटी ब्रेकर बार (गोटी लावून नट सोडवायचा लांब दांडा) घ्या. बॅटरी लागत नाही आणि वीस वर्षं टिकतो.

मोटर शक्यतो ब्रशलेस, म्हणजे आत झिजणारे कार्बन नसलेली, घ्या. कार्बनवाली गनही वाईट नसते, कार्बन झिजले की बदलता येतात. पण तेवढ्याच ताकदीला ती लांब आणि जड होते. चाकाच्या बाजूला पार्किंगच्या दोन खांबांमध्ये बसून काम करताना गनची लांबी फार जाणवते.

वेगाचे तीन टप्पे आणि उलट फिरवताना नट सुटला की आपोआप थांबण्याची सोय असेल तर ते पैसे वसूल. पुढच्या दांड्यावर गोटी धरायला रिंग किंवा पिन असते. रिंगवाली घ्या. पिनमधून गोटी काढायला बारीक टोकाचं काहीतरी लागतं, आणि ते अंधारात, पावसात सापडत नाही.

५. बॅटरी आणि ‘फक्त बॉडी’चा फास

ऑनलाइन एखाद्या नावाजलेल्या गनचा भाव निम्म्यावर दिसला की खालची बारीक ओळ वाचा: बॅटरी आणि चार्जर नाही. दोन्ही वेगळे घेतले की किंमत गनच्या जवळपास जाते. घरात त्याच कंपनीचं ड्रिल आधीपासून असेल आणि बॅटरी तीच बसत असेल, तरच ‘फक्त बॉडी’ फायद्याची. नसेल तर किट घ्या.

एका चाकाच्या चार-पाच नटांना चार्ज फारसा लागत नाही, त्यामुळे २ एएच पुरेल असं वाटतं. पण प्रश्न नुसत्या साठ्याचा नाही. ठोका मारताना गन एकदम भरपूर करंट ओढते. पाच सेलची छोटी बॅटरी तेव्हा दबते, व्होल्टेज खाली येतं आणि तीच गन मऊ पडते. दहा सेलची ४ एएच बॅटरी तेवढी दबत नाही. गन तीच, ताकद जास्त.

६. गोट्या: इथे कंजुषी नको

टूलकिटमधल्या चकचकीत, बारा कोनी क्रोमच्या गोट्या इम्पॅक्ट गनवर कधीच लावू नका. त्या हाताने फिरवायच्या पान्यासाठी कडक केलेल्या असतात. ठोक्यांनी त्यांना चीर जाते आणि तुकडा सरळ चेहऱ्याकडे उडतो. इम्पॅक्टच्या गोट्या काळ्या, जाड, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या आणि सहा कोनी असतात.

अलॉय चाक असेल तर काळी जाड गोटी नटाच्या खड्ड्यात शिरणार नाही, हे नवख्या माणसाला रस्त्यावर कळतं. पातळ भिंतीची, खोल, वरून प्लॅस्टिकचं नळकांडं असलेली गोटी मागा. १७, १९ आणि २१ असा तीनचा संच मिळतो. एकच गाडी असेल तर एकच गोटी घ्या, पण चांगली.

सोबत लागणारं सामान:

- अर्धा इंची क्लिकवाला टॉर्क रेंच, ४० ते २०० एनएमच्या आसपासच्या पल्ल्याचा
- लॉक नटची चावी
- ३ इंची इम्पॅक्ट एक्स्टेन्शन (गरज असेल तरच)
- चाकाला लावायचे दोन ठोकळे
- तारेचा ब्रश, संरक्षक चष्मा, हातमोजे, कानात घालायचे बोळे
- गाडीचा जॅक, परावर्तक त्रिकोण, डोक्याला लावायची टॉर्च

७. दुकानात

मुंबईत हत्यारांसाठी नागदेवी गाठा. मस्जिद स्टेशन आणि क्रॉफर्ड मार्केटच्या मधल्या त्या गल्ल्यांत एकाच दुपारी चार कंपन्यांच्या गन हातात घेऊन बघता येतात. रविवार टाळा. मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडला. चोरबाजारात जुनी गन स्वस्तात मिळते, पण तिची बॅटरी किती मेली आहे ते तिथे उभ्या-उभ्या कळत नाही. बॉडी घ्यायची असेल तर घ्या, बॅटरी नको.

काउंटरवर या गोष्टी बघा. ट्रिगर हळू दाबला की गन हळू फिरते का, की एकदम सुटते? पुढचा चौकोनी दांडा बोटांनी हलवून बघा. किंचित खेळ असतोच, डगडगायला नको. बॅटरी खट्‌ असा आवाज करून बसली पाहिजे, ढिली नको. तुमची गोटी सोबत नेली असेल तर रिंगवर चढवून उतरवून बघा. बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर गनचा आणि बॅटरीचा क्रमांक लिहून मागा. वॉरंटी बॉडीची वेगळी आणि बॅटरीची वेगळी असते, हे काउंटरवर स्वतःहून कुणी सांगत नाही. सर्व्हिस सेंटर मुंबईत कुठे आहे तेही तिथेच विचारा. ‘आमच्याकडे आणा, आम्ही बघू’ हे उत्तर पुरेसं नाही.

८. घरी पहिली चाचणी

परत करायची मुदत संपायच्या आत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दिवसा. दुपारची वेळ टाळा. बेसमेंटमध्ये या गनचा आवाज असा घुमतो की सेक्रेटरी खाली येतात.

गाडी जमिनीवरच ठेवा, हँडब्रेक लावा, गिअरमध्ये टाका. एका चाकाचा एकच नट गनने सोडवा. दोन-तीन सेकंदांत सुटला तर गन पास. दहा सेकंद ठोकूनही हलला नाही तर थांबा. पुढे ठोकत राहिल्याने मोटर तापते आणि नटाचे कोपरे जातात. ब्रेकर बारने तो नट एकदा सोडवा, स्टडचे आटे ब्रशने साफ करा, हाताने लावा आणि टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचा मोह होतो. तो टाळा, कारण तेलकट आट्यांवर त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो.

असे एकेक करत चारही चाकांचे सगळे नट एकदा सोडवून नीट आवळून ठेवा. या एका तासाचा उपयोग गनपेक्षाही जास्त आहे. यानंतर रस्त्यावर नट अडणार नाहीत, आणि अडलेच तर गनला झेपतील एवढेच.

९. रस्त्यावर चाक बदलताना

फ्रीवेवर, कोस्टल रोडवर, अटल सेतूवर किंवा एक्सप्रेसवेच्या चालत्या लेनमध्ये गन हातात घेऊ नका. टायर गेला तरी चालेल, गाडी हळूहळू सुरक्षित जागी न्या. ते शक्य नसेल तर माणसं कठड्यापलीकडे उभी करा आणि ११२ ला फोन लावा.

जागा सुरक्षित, सपाट आणि कडक असेल तर क्रम असा. त्रिकोण मागे लांब ठेवा. हँडब्रेक, पहिला गिअर, बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला ठोकळे. लॉक नट आधी हाताने सोडवा. त्याच्या चावीवर गन कधीच चालवू नका, चावीची नक्षी चुरते. बाकीचे नट गाडी जमिनीवर असतानाच गनने एक-एक वेढा ढिले करा. मग जॅक, जॅकच्या खाचेतच. चाक हवेत आल्यावर नट पूर्ण काढा.

नट निघाले पण चाक हबला चिकटलं आहे, असं पावसाळ्यानंतर अलॉयमध्ये सर्रास होतं. इथे गन काही करू शकत नाही. दोन नट तीन-चार वेढे परत लावा आणि टायरच्या बाजूला पायाने आलटून-पालटून लाथा मारा. नट नसताना मारल्या तर चाक अंगावर येतं आणि गाडी जॅकवरून घसरू शकते.

स्टेपनी चढवली की प्रत्येक नट बोटांनी निदान तीन-चार आटे आत जाऊ द्या. बोटांनी जात नसेल तर तो तिरका बसला आहे. तिरका बसलेला नट गनने दाबला की आटे गेलेच, आणि ते गेल्याचं गनच्या आवाजात कळतही नाही. त्यानंतर गन सर्वात हळू टप्प्यावर, पहिला ठोका ऐकू येईपर्यंतच. बोट उचला. क्रम समोरासमोरचा: चार नट असतील तर फुली, पाच असतील तर चांदणी. गाडी खाली घ्या आणि टॉर्क रेंचने त्याच क्रमाने, क्लिक होईपर्यंत. एक क्लिक पुरे. खात्रीसाठी दोन-तीनदा क्लिक केलं की प्रत्येक वेळी थोडं जास्त आवळलं जातं.

गननेच पूर्ण आवळलं तर काय होतं? नट असमान बसतात, ब्रेकची डिस्क किंचित वाकडी ओढली जाते आणि काही दिवसांनी ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरू लागतं. गॅरेजवाला मग डिस्क बदलायला सांगतो.

५० ते १०० किलोमीटर चालवून झाल्यावर पुन्हा एकदा टॉर्क रेंच फिरवा. बारीक स्टेपनी असेल तर तिच्या कडेवर वेगमर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८०. पंक्चर काढायला टायरवाल्याकडे चाक नेलंत, की ते परत लावताना त्याला हवेची गन वापरू देऊ नका किंवा निदान शेवटचं आवळणं तुमच्या टॉर्क रेंचने करून घ्या. काही जण नाक मुरडतात, पण करतात.

१०. गाडीत ठेवायची कशी

लिथियमच्या बॅटरीला उकाडा सोसत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये उघड्यावर उभ्या गाडीची डिकी भट्टी होते. मागच्या काचेखालच्या फळीवर तर कधीच ठेवू नका. डिकीच्या तळाशी, स्टेपनीजवळ त्यातल्या त्यात थंड असतं. पण त्याच खड्ड्यात जुलैमध्ये पाणी साचतं. म्हणून झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका आणि गोट्यांना हलका तेलाचा हात फिरवा. बॅटरी पूर्ण भरून महिनोन्‌महिने पडू देऊ नका. चारपैकी तीन दिवे पेटतील एवढी ठेवा आणि महिन्यातून एकदा बघा. गनमध्ये बसवून न ठेवता बाजूला ठेवा. टॉर्क रेंच वापरून झाला की त्याचा आकडा सर्वात कमी खुणेवर आणा, म्हणजे स्प्रिंग ताणलेली राहत नाही.

कंपनीचा पाना मात्र जिथे होता तिथेच राहू द्या. बॅटरी नेमकी त्याच दिवशी उतरलेली असते.